कंपनीचं क्रेडिट कार्ड: प्रवास आणि खरेदी दोन्हींसाठी नीट कसं बसवायचं?

पॅनेलवाला_अंधेरी

नमस्कार मंडळी. अंधेरी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, माणसं २२. त्यातली ९ जण साइटवर फिरतात: पुणे, वापी, बेंगळुरू, आणि वर्षाकाठी एकदा दुबईचं प्रदर्शन. महिन्याचा प्रवास साधारण साडेतीन लाख. शिवाय लोहार चाळ, नागदेवी आणि ऑनलाइन मिळून चारेक लाखांची फुटकळ खरेदी.

सध्या माणूस निघताना आगाऊ रोख घेतो, आल्यावर व्हाउचर भरतो. निम्मी बिलं पँटच्या खिशातच धुतली जातात. बँकेने कॉर्पोरेट कार्डांचा प्रस्ताव दिलाय. विचारायचं ते असं:

कार्डं किती घ्यायची, कोणाच्या हातात द्यायची? जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करणं) कार्डाने पैसे दिल्यामुळे आपोआप सोपं होतं का? बिलिंगची तारीख कुठली मागावी? आणि सगळ्या पुरवठादारांना कार्डानेच पैसे देऊन ५० दिवस बिनव्याजी वापरायचे, असं मॅनेजर म्हणतोय. हे खरंच परवडतं का?

खतावणी

९ जण फिरतात म्हणून ९ कार्डं घेऊ नका. तुमच्या आकाराला तीन प्रकार पुरतील.

विमान आणि रेल्वेच्या तिकिटांसाठी एकच मध्यवर्ती खातं ठेवा, ते ऑफिसात तिकिटं काढणाऱ्याकडे. महिन्यातून दोनदा तरी बाहेर मुक्काम करणाऱ्या चौघा-पाच जणांना प्लास्टिकची कार्डं द्या, हॉटेल आणि टॅक्सीपुरती. ऑनलाइन खरेदीला व्हर्च्युअल कार्ड (प्लास्टिक नाही, नुसता नंबर), शक्यतो दर पुरवठादाराला वेगळं आणि मर्यादा त्या ऑर्डरएवढीच. मग एखाद्या साइटवरून नंबर फुटला तरी नुकसान तेवढ्यावरच थांबतं आणि बाकीची कार्डं बदलत बसावं लागत नाही.

अर्जावर सही करण्याआधी जबाबदारीचं कलम शोधा. देणं फक्त कंपनीचं, की कंपनी आणि कार्डधारक दोघांचं मिळून, हे तिथे लिहिलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार कंपनी आणि कर्मचारी यांची जबाबदारी स्पष्ट लिहून द्यावीच लागते. 'जॉइंट अँड सेव्हरल' दिसलं, तर कंपनीने बिल थकवल्यावर वसुलीचा फोन तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरलाही येऊ शकतो. त्याला हे आधी सांगा, किंवा कलम बदलून मागा. मर्यादा मिळत नसेल तर मुदत ठेवीवर कार्ड घेता येतं, मात्र ठेवीचे पैसे अडकतात.

आता बिलिंगची तारीख. बँक देईल ती मुकाट घेऊ नका. बिलिंगचं चक्र निदान एकदा तरी बदलून घ्यायचा हक्क त्याच निर्देशांत आहे. बहुतेकांना महिनाअखेर हवी असते, हिशेब जुळवायला सोपं म्हणून. पण ३० तारखेचं स्टेटमेंट धरलं तर भरणा साधारण २० दिवसांनी, म्हणजे २० तारखेला. त्याच दिवशी ३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र. त्याआधी ७ला टीडीएस, १५ला पीएफ आणि ईएसआयसी. चालू खातं तोवर पुसून निघालेलं असतं. ५ तारखेचं स्टेटमेंट मागा, भरणा २५ला येईल. हिशेबाला महिनाअखेर लागत नाही, कारण नोंद व्यवहाराच्या तारखेने करायची असते, स्टेटमेंटच्या नव्हे.

टॅलीत हे असं. ३१ मार्चला लोहार चाळीतून ११,८०० च्या एमसीबी (सर्किट ब्रेकर) कार्डाने घेतल्या. खरेदी १०,००० नावे, सीजीएसटी ९०० नावे, एसजीएसटी ९०० नावे, दुकानदार ११,८०० जमा. लगेच दुसरी नोंद: दुकानदार ११,८०० नावे, कार्डाचं लेजर ११,८०० जमा. २५ एप्रिलला बँकेतून पैसे गेले की कार्ड नावे, बँक जमा. कार्डाचं लेजर चालू देण्यांखाली उघडा आणि त्याखाली दर कार्डधारकाचं वेगळं. स्टेटमेंट आल्यावर एकदम 'प्रवासखर्च ३,४०,०००' अशी एकच नोंद मारली की दुकानदाराचं खातं कायमचं उघडं राहतं, क्रेडिट हातचं जातं आणि ऑडिटला पुन्हा सगळं उकरावं लागतं.

कार्डधारकाला एक नियम पुरे: बिलाचा फोटो ४८ तासांत, त्यावर साइटचा जॉब नंबर. महिन्याच्या १४ तारखेला २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून बनलेली आपल्या क्रेडिटची यादी, तयार होते, त्याआधी सगळी बिलं हातात हवीत.

साकीनाका_सीए

क्रेडिटबद्दल. कार्डाने भरलं म्हणून काहीही आपोआप होत नाही. स्टेटमेंट म्हणजे पैसे गेल्याचा पुरावा, टॅक्स इन्व्हॉइस नव्हे. तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) असलेलं बिल हवं आणि ते २बीत दिसायला हवं, तरच क्रेडिट.

विमान: बुकिंगच्या वेळीच जीएसटीआयएन, कंपनीचं नाव आणि ईमेल भरा. नंतर घालून देणं बहुतेक कंपन्या नाकारतात. ट्रॅव्हल पोर्टलचं बिल फक्त त्याच्या सेवाशुल्काचं असतं. भाड्यावरच्या कराचं बिल विमान कंपनीचं, ते पीएनआर टाकून तिच्या साइटवरून वेगळं उतरवावं लागतं. तिकीट रद्द झालं तर क्रेडिट नोट येते, तेवढं क्रेडिट उलटवायचं. हे विसरणारे फार.

हॉटेल: इथे मुंबईवाले हमखास चुकतात. खोलीच्या बाबतीत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे जिथे इमारत ते राज्य. बेंगळुरूच्या हॉटेलने तुमचा २७ने (महाराष्ट्राच्या कोडने) सुरू होणारा नंबर बिलावर छापला तरी कर लागतो कर्नाटकचा सीजीएसटी-एसजीएसटी, आणि महाराष्ट्राच्या नोंदणीला त्याचं क्रेडिट नाही. वापीचंही तेच, तिथे गुजरात. पुण्याच्या हॉटेलचं मिळतं. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्केच कर आहे. ६,००० च्या खोलीवर ३०० रुपये. त्यासाठी अकाउंटंटने रिसेप्शनला चार फोन करण्यात अर्थ नाही. तो वेळ १८ टक्क्यांच्या खरेदीच्या बिलांवर घालवा.

जेवण आणि भाड्याची मोटार यांवरचं क्रेडिट सर्वसाधारणपणे अडवलेलंच आहे. पेट्रोल जीएसटीत नाहीच.

बँकेलाही तुमचा जीएसटीआयएन द्या. वार्षिक शुल्क, फॉरेन मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहारावरचा बँकेचा आकार), विलंब दंड, आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत व्याजावरसुद्धा १८ टक्के जीएसटी लागतो. नंबर दिला नसेल तर ते क्रेडिट दर महिन्याला गुपचूप बुडतं.

टीडीएस कार्डामुळे टळत नाही. कंत्राटाचं एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की कापायचाच. समजा कंप्रेसरच्या देखभालीचं बिल ५०,००० अधिक जीएसटी ९,०००. मशीनवर ५९,००० घासू नका. पुरवठादार कंपनी असेल तर मूळ ५०,००० वर २ टक्के म्हणजे १,००० कापा आणि ५८,००० घासा. पूर्ण रक्कम गेली की १,००० खिशातून भरून मग पुरवठादाराच्या मागे लागायचं. ऑनलाइन जाहिरातींना तर पूर्ण रक्कमच जाते, तिथे टीडीएस वेगळा भरून प्रमाणपत्र पाठवून परतावा मागावा लागतो. विमान किंवा रेल्वेच्या तिकिटावर हा कंत्राटाचा टीडीएस नाही.

एक चांगली बाजू. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. कार्डाने दिलं की पुरवठादाराच्या दृष्टीने पैसे मिळाले, तुमचं बिल पुढे कधीही भरायचं असो. पण हा नियम उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, लोहार चाळीतले निव्वळ व्यापारी त्यात येत नाहीत.

नागदेवीचा_गाळा

मॅनेजरच्या ५० दिवसांबद्दल दुकानाच्या बाजूने सांगतो. बिझनेस कार्डाला मशीनचा दर (दुकानदाराकडून कापला जाणारा आकार) साध्या कार्डापेक्षा जास्त बसतो. बेअरिंग, केबल ग्लँड, लग्ज यांत सुटतं किती? दोन-चार टक्के. म्हणून गिऱ्हाईकाने कार्ड काढलं की "शेठ, मशीनचे २ टक्के वेगळे" हे वाक्य येणारच. किंवा भाव आधीच चढवून सांगितला जाणार, जे तुम्हाला कळणारही नाही.

१ लाखाच्या मालावर २ टक्के म्हणजे २,०००. तुमचं कॅश क्रेडिट (बँकेचं खेळतं कर्ज) ११ टक्क्यांचं असेल तर तेवढ्याच पैशावर ५० दिवसांचं व्याज १,५०७ रुपये होतं. आणि ५० दिवस मिळतात ते स्टेटमेंटच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेल्या मालाला. आदल्या दिवशी घेतलात तर वीस-एकवीस. म्हणजे जिथे २ टक्के मागतात तिथे कार्ड बाहेर काढूच नका, एनईएफटी करा आणि भाव पाडून मागा.

खतावणी

गाळेवाल्यांशी पूर्ण सहमत. कार्ड हे उधारीचं साधन म्हणून वापरायला गेलात की फसलात. ४ लाखांच्या बिलातले १०,००० जरी मुदतीत भरायचे राहिले, तरी त्या १०,००० वर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या महिन्याच्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतच उरत नाही. दर महिना साडेतीन टक्के धरला आणि ४ लाख पूर्ण महिना राहिले, तर १४,००० व्याज आणि त्यावर २,५२० जीएसटी. उशिराचा दंड मुदतीनंतर ३ दिवस उलटल्यावरच लावता येतो. त्या ३ दिवसांचा अर्थ व्याज माफ असा नव्हे. पूर्ण रकमेचा ऑटो-डेबिट लावून टाका, 'किमान देय'चा नाही. अर्जात त्या दोन चौकटी शेजारीशेजारी असतात.

आणि कार्ड न घेणाऱ्या पुरवठादाराला किंवा गाळ्याच्या मालकाला मधल्या अ‍ॅपमार्फत कार्डाने पैसे पोचवण्याच्या युक्त्या कोणी सुचवल्या तर सावध. २०२४च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एका कार्ड नेटवर्कची असली व्यवस्था थांबवली. मध्यस्थ पैसे गोळा करून पुढे पाठवत होते आणि त्यासाठी लागणारी मान्यता नव्हती. अशा वाटेवर पुरवठादाराचे पैसे कधी अडकतील याचा नेम नाही.

पॅनेलवाला_अंधेरी

हिशेब पटला, मॅनेजरला दाखवतो. आता प्रवासाचं सांगा कोणी. हॉटेलात कार्ड चाललं नाही, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर गेला, असं बरंच ऐकून आहे. परदेशी सॉफ्टवेअरचं मासिक बिलही कार्डावर घ्यायचं आहे, साधारण २०,००० रुपयांचं. आणि दुबईत काय काळजी घ्यायची?

पीएनआर_डेस्क

कार्ड हातात आलं की आधी अ‍ॅपमध्ये व्यवहाराचे प्रकार उघडा. नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनला चालू असतं. ऑनलाइन, परदेश आणि टॅप करून देणं ही बटणं मुद्दाम चालू करावी लागतात. विमानतळावर पोचल्यावर हे सुचून उपयोग नाही. फिरणाऱ्याच्या कार्डाला परदेश बंदच ठेवा, दुबईच्या आठवड्यापुरतं उघडा.

दुकानांचे चार आकडी कोड असतात, मर्यादा त्यावर बसवता येतात. ७०११ हॉटेल, ४१२१ टॅक्सी, ४११२ रेल्वे, ५८१२ उपाहारगृह. ६०११ म्हणजे रोख आणि ६५४० म्हणजे वॉलेट भरणं, हे दोन्ही पहिल्याच दिवशी बंद करा. रोख काढली की शुल्क लागतं आणि पहिल्या दिवसापासून व्याज. वॉलेटमध्ये गेलेला पैसा पुढे कशावर गेला ते कळतच नाही. मात्र कोडांवर आंधळा भरवसा नको. हॉटेलातलं रात्रीचं जेवण खोलीच्या बिलात जाऊन ७०११ खाली दिसतं, आणि वापीकडच्या छोट्या लॉजची मशीन कधी मालकाच्या दुसऱ्याच धंद्याच्या कोडवर असते. तिथे कार्ड नाकारलं जातं आणि दोष बँकेला मिळतो. म्हणून एक-दोन दिवसांपुरता कोड उघडून देणारा माणूस ऑफिसात ठरलेला हवा, संध्याकाळी ७ नंतरही फोन उचलणारा.

हॉटेलातली अडचण बहुतेक वेळा अशी असते. तीन रात्री, खोली ६,०००. चेक-इनला हॉटेल १८,००० अधिक रोजचे २,००० असे २४,००० रोखून धरतं. हे बिल नव्हे, नुसतं अडवून ठेवणं. कार्डाची मर्यादा ४०,०००. निघताना बिल झालं १८,९००. रिसेप्शनवरचा मुलगा जुनी रोखलेली रक्कम पूर्ण करण्याऐवजी नवीन सेल मारतो. २४,००० अधिक १८,९०० म्हणजे ४२,९००, मर्यादेबाहेर, कार्ड नाही म्हणतं. माणूस घाबरून स्वतःच्या कार्डाने भरतो, आणि ते २४,००० पुढे आठ-दहा दिवस अडकून राहतात. काउंटरवर वाक्य एकच: "प्री-ऑथ कम्प्लीट करा, नवीन सेल नको." चेक-इनची स्लिप जपून ठेवायची, तिच्यावरचा अप्रूव्हल कोड त्याला लागतो. आणि मर्यादा हॉटेल रोखून धरेल त्या रकमेच्या दुप्पट ठेवा, कंजुषी इथे महाग पडते.

ओटीपी: कार्ड ज्याच्या नावाचं त्याच्या मोबाइलवर जाणार. ऑफिसने साइटवरच्या माणसाच्या कार्डाने तिकीट काढायचं म्हटलं तर तो नेमका पॅनेलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. तिकिटं मध्यवर्ती खात्यावर ठेवण्याचं खरं कारण हेच. खात्याला जोडलेला मोबाइल कंपनीचा असू दे, कुणाचा खासगी नको.

हॉटेल परस्पर ऑफिसने भरायचं असेल तर नुसता कार्ड नंबर कळवून भागत नाही. हॉटेलकडून पेमेंट लिंक मागवा. नाहीतर चेक-इनला 'कार्ड प्रत्यक्ष दाखवा' ऐकून घ्यावं लागतं.

२०,००० चं सॉफ्टवेअर: आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची मर्यादा १५,००० आहे. त्यापुढे दर महिन्याला ओटीपी देऊन मंजुरी लागते. कापण्याआधी निदान २४ तास सूचना येते, ती कोणाच्या फोनवर येते ते बघा. बऱ्याच परदेशी साइटना ही पद्धत झेपत नाही आणि मग पैसे भरले न गेल्याने खातं गोठतं. जमत असेल तर वर्षाचं बिल एकदम भरा. कार्ड बदललं की टोकन आणि मंजुरी दोन्ही नव्याने करायची.

दुबईत मशीन विचारतं, रुपये की दिरहम. डोळे मिटून दिरहम. रुपये निवडले की मशीनवाल्याचा चढा दर लागतो, वर बँकेचा आकार लागू शकतो तो वेगळाच. बँकेचा मार्कअप साडेतीन टक्के असेल तर जीएसटीसह ४.१३ टक्के, १ लाखाला ४,१३०. मोठ्या खर्चाला, म्हणजे स्टॉलचं भाडं वगैरे, बँकेतून थेट पाठवणं स्वस्त पडतं का ते आधी ताडून बघा.

साकीनाका_सीए

सॉफ्टवेअरवर एक भर. परदेशी कंपनीला तुमचा जीएसटीआयएन दिलात की ती कर लावत नाही, मग रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा. २०,००० वर १८ टक्के म्हणजे ३,६००. हे जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यातूनच भरावं लागतं, क्रेडिट वापरून नाही, पण त्याच महिन्याच्या ३बीत परत क्रेडिट मिळतं. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये या व्यवहाराची एकच ओळ असते, म्हणून तो रिव्हर्स चार्जचा आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. दर महिन्याला स्टेटमेंटमधल्या परकीय चलनाच्या ओळी वेगळ्या काढून बघा.

रोखीचं पूर्ण बंद होणार नाही. रिक्षा, काळी-पिवळी, माथाडी यांना कार्ड नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण ते दुकानाच्या क्यूआरला चालतं, रिक्षावाल्याच्या खासगी खात्याच्या क्यूआरला नाही. माणशी दोन-तीन हजारांची इम्प्रेस्ट (फुटकळ खर्चाची ठरावीक रोख) ठेवा. एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख गेली की तो खर्च करात धरत नाहीत, तेवढं सांभाळा.

पॅनेलवाला_अंधेरी

फार उपयोगी. शेवटचं एक: कार्डधारक नोकरी सोडून गेला तर? आणि एखादा व्यवहार आमचा नाहीच असं निघालं तर?

खतावणी

अनोळखी व्यवहार दिसला की आधी अ‍ॅपमधून कार्ड बंद, मग बँकेला लेखी तक्रार, तक्रार क्रमांक जपून. बँकेची सूचना आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं आणि चूक बाहेरच्याची असेल तर तुमच्यावर काही येत नाही. ४ ते ७ दिवस झाले तर ठरावीक रकमेपर्यंत तुमच्या माथी, त्यापुढे बँकेच्या धोरणावर. म्हणून संदेश फक्त कार्डधारकाला जाऊन भागणार नाही. अकाउंट्सच्या एका ईमेलवरही रोज व्यवहार उतरले पाहिजेत. कार्डधारक वापीच्या साइटवर नेटवर्कबाहेर असताना ३ दिवस कधी संपले कळत नाही.

सोडून जाणाऱ्याचं: राजीनामा आल्याच दिवशी मर्यादा कमी करा, शेवटच्या दिवशी कार्ड कापून नाही, तर बँकेकडे बंद करण्याचा अर्ज देऊन. देणं बाकी नसेल तर ७ कामाच्या दिवसांत बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तिला. अर्जाआधी त्या कार्डावर कुठलं सबस्क्रिप्शन, फास्टॅगचं आपोआप रिचार्ज किंवा टॅक्सी अ‍ॅप लटकलंय का ते अ‍ॅपच्या मंजुरीयादीत बघा. फास्टॅग हमखास सापडतं. कार्ड बंद झालं की पुढच्या फेरीत व्हॅन खालापूरच्या नाक्यावर उभी राहते आणि ड्रायव्हर ऑफिसला फोन लावतो. पूर्ण हिशेब मात्र शेवटच्या दिवसानंतर एक स्टेटमेंट येऊन गेल्यावरच चुकता करा. हॉटेलांच्या मिनीबारच्या नोंदी आठवड्याने उगवतात.